घरची गोटी

"मांडा ना काका तो डाव एकदा. त्या दिवशी होता तसाच."

वामनरावानं बाजाराची पिशवी बाजूला ठेवली आणि इस्त्रीच्या पँटची पर्वा न करता ओट्यावर खेमसिंगसमोर मांडी घातली. दिग्रसचा बाजार ऐन भरात होता. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीबाहेर, कडुनिंबाखाली हा दगडी ओटा. त्यावर मोठा चौकोन, चौकोनात उभ्या-आडव्या-तिरप्या रेघा आणि दोन बाजूंना दोन त्रिकोण, असा अठरा गोट्यांचा पट कोरलेला. कोणी कोरला ते जिनिंगच्या शेटजींनाही ठाऊक नव्हतं. एकाच्या अठरा काळ्या, दुसऱ्याच्या अठरा पांढऱ्या. रेघेवरून पुढच्या जागी सरकायचं. समोरच्याची गोटी आडवी आली आणि तिच्यापलीकडची जागा रिकामी असली, की तिच्यावरून उडी घेऊन ती उचलायची, पुढे आणखी तशीच सापडली तर त्याच दमात तीही. मार आली की मारायलाच पाहिजे, नाही म्हणायची सोय नाही. नियम म्हणाल तर एवढेच, आणि एवढ्यावर दोन माणसांनी अर्धं आयुष्य काढलं होतं.

त्यातला एक आता नव्हता. वामनराव त्याचाच मुलगा. बापाच्या वर्षश्राद्धाला मुंबईहून आला होता, आणि दुसऱ्या दिवशी परत जाणार होता.

"आठवते का पण, काका? साल होऊन गेलं."

"आठवते," खेमसिंग म्हणाला. "न आठवाले काय झालं?"

त्यानं कमरेची चंची सोडली. तंबाखूच्या पुडीखालून गोट्या काढल्या. अरुणावतीच्या पात्रातून वेचलेल्या, वर्षानुवर्षं हाताळून गुळगुळीत झालेल्या. पाच काळ्या मांडल्या. मग दोन पांढऱ्या. तिसरी पांढरी त्यानं पलीकडच्या त्रिकोणाच्या अगदी टोकावर ठेवली, आणि त्याचं बोट तिच्यावर जरा जास्तच वेळ राहिलं.

"चाल कोणाची होती?"

"तुमच्या बाबाची."

"चाल कोनाची बी असो," गुलाबसिंग मागून म्हणाला. हा खेमसिंगचा धाकटा भाऊ, थोरल्याला भिया म्हणायचा. जिनिंगवर गाडी रिकामी करून तो नेहमीसारखा येऊन उभा राहिला होता. "पाच अन् तीन. डाव भियाचाच होता. काय सांगाव लागते का?"

भोवती जमलेल्यांनी माना डोलावल्या. खेमसिंग चंचीची दोरी गुंडाळत राहिला.

वामनरावानं खिशातून सिगारेटचं रिकामं पाकीट काढलं, ते फाडून उलटं केलं आणि पट जसाच्या तसा उतरवून घेतला. तो मुंबईच्या एका मोठ्या संशोधन संस्थेत नोकरीला होता. तिथं म्हणे एक विजेचं गणकयंत्र होतं. एक अख्खी खोली व्यापणारं, काचेच्या नळ्यांचं, आणि त्याला उन्हाळा सोसत नसे म्हणून खोली थंड ठेवावी लागे.

"म्हंजे शेटजीच्या म्हशीसारखंच," कोणीतरी म्हणालं. लोक हसले. वामनरावही हसला.

"गेल्या साली अमेरिकेत असल्याच एका यंत्रानं एका पट्टीच्या खेळाडूला हरवलं. त्यांचा खेळ थोडा वेगळा, पण उडी मारून गोटी उचलायची, तेच. ते वाचलं अन् आमी दोघातिघांनी ठरवलं, आपल्या यंत्रालेबी आपला खेळ शिकवू. सुट्टीच्या दिवशी बसून शिकवला. अठरा-अठरा गोट्या असल्या की अजून ते गडबडते. पण गोट्या कमी राह्यल्या, की एक एक वाट शेवटपर्यंत चालून पाहते. थकत नाही. हरलं तर त्यातून शिकते."

"अन् हरलं तं ओझं कोन वाहते?" खेमसिंगनं विचारलं.

वामनरावानं पाकीट खिशात ठेवलं. मग म्हणाला, "ते नाही वाहत, काका."

"मंग कायचं हरनं ते?"

हा प्रश्न समजायला खेमसिंग आणि वामनरावाचे वडील पुंडलिकराव यांची पैज ठाऊक पाहिजे.

खेमसिंग हा लालसिंग नाईकाच्या तांड्याचा. त्याच्या आजानं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. बापानं बैल विकून बरड जमिनीचा तुकडा घेतला. तुकड्यावर भागेना म्हणून खेमसिंग कपाशीच्या हंगामात जिनिंगवर रुईच्या गाठी उचलायचा. पुंडलिकराव सावंगीचे. ओलिताची जमीन, दारात बैलजोड्या, पंचायतीत शब्दाला मान. असा माणूस हमालासमोर ओट्यावर बसून गोट्या खेळतो, हेच आधी बाजाराला खुपलं. त्यात पुंडलिकरावांनी पहिल्याच दिवशी थट्टेत पैज लावली. "तू हरला तं माही पिशवी घरापर्यंत वाहाची. मी हरलो तं तुही मी वाहीन." दोघांची वाट एकच होती. दिग्रसहून निघालं की नाला, नाल्यापुढे सावंगी, आणि सावंगीच्या पुढे कोसभर तांडा.

खेमसिंगला ओझ्याचं काय? जन्मच त्यात गेलेला. पण त्या दिवशी हरले पुंडलिकराव. सगळ्यांना वाटलं, हसतील आणि उठून जातील. खेमसिंगलाही तेच वाटलं होतं. पुंडलिकरावांनी खेमसिंगची मिठा-मिरचीची पिशवी डोक्यावर घेतली, घासलेटची बाटली हातात धरली आणि भर बाजारातून चालू लागले. खेमसिंग मागे रिकाम्या हातानं. तसेच ते स्वतःच्या गावाच्या चावडीवरून गेले आणि तांड्यात जाऊन पिशवी खेमसिंगच्या उंबऱ्यावर ठेवली. घरी भावांनी त्यांना फाडून खाल्लं. पुंडलिकराव त्यांना एवढंच म्हणाले, "हरलो तं हरलो. त्यात लपवाचं काय?"

तेव्हापासून सावंगीच्या पुंडलिकरावांचा पटावर नुसता पुंडलिक झाला, आणि दोघं एकमेकांना अरे-तुरे करू लागले.

पुंडलिक हरायचाच जास्त. तो इतक्या वेळा तांड्यात गेला, की तांड्यातली कुत्री त्याच्यावर भुंकायची थांबली. खेमसिंगची बायको हंसाबाई त्याच्यासमोर भाकर ठेवायची आणि तो तिथंच बसून खायचा. खेमसिंगवर सावंगीला जायची पाळी क्वचित आली. पहिल्यांदा गेला तेव्हा ओसरीच्या भिंतीतल्या देवळीतून परक्यांसाठी ठेवलेला कान तुटका कप खाली आला. पुंडलिकनं तो कप स्वतः उचलून तोंडाला लावला आणि आपला कप खेमसिंगपुढे सरकवला. पुढच्या वेळी तो तुटका कप देवळीत नव्हता, आणि चहात गुळाऐवजी साखर होती. त्या घरात सगळे गुळाचा चहा प्यायचे. साखर पुंडलिकची बायको कोकिळाबाई फक्त खेमसिंगसाठी टाकायच्या.

पुंडलिक हरायचा त्याला कारण होतं. त्रिकोणाच्या टोकावरची गोटी, तिला ते घरची गोटी म्हणत, ती तो काही केल्या हलवायचा नाही. "घरी एक मानूस पाह्यजे," म्हणायचा. खेमसिंग आपल्या अठराच्या अठरा गोट्या मैदानात काढायचा. "आमचं घर बैलाच्या पाठीवर," म्हणायचा. म्हणजे एक गोटी कमी घेऊनच पुंडलिक जन्मभर खेळला. त्याला ते कळत नव्हतं असं नाही. पण स्वभावाला औषध कुठून आणायचं? खेमसिंगला त्या गोटीची इतकी सवय झाली, की पुढे पुढे त्यानं तिच्याकडे बघणंच सोडलं. तो तिला दगडाचाच भाग समजायचा. त्याची चूक झाली ती इथं.

तो शेवटचा बाजार लढाईच्या सालातल्या आश्विनातला. ऊन चटका देत होतं तरी पुंडलिक घोंगडी पांघरून आला होता आणि खोकत होता. डाव पाच-तीनवर आला. खेमसिंगनं बिनधास्त एक काळी पुढे सारली, पुंडलिकच्या घराच्या तोंडाशी. पुंडलिक पटाकडे बघत राहिला. मग त्यानं मान वर करून खेमसिंगकडे पाहिलं, मिशीतल्या मिशीत हसला आणि घोंगडी सावरत उठला.

"राहू दे आता. पुढच्या बाजारी."

"अबे, चाल तं चालून जा."

"घाई कायची हाय? पुढच्या बाजारी चालतो."

त्या दिवशी कोणी हरलं नव्हतं, म्हणून दोघांनी आपापलं ओझं घेतलं. सावंगीला पुंडलिक आत वळला. पुढं तांड्याच्या वाटेनं एकटा चालताना खेमसिंगनं सवयीनं डाव मनात पुन्हा मांडला, आणि वाटेतच उभा राहिला.

घरची गोटी. ती जर एक घर पुढे आली, तर ती थेट त्याच्या काळीच्या तोंडात येत होती. मार सक्तीची. काळीला तिच्यावरून उडी घेऊन पुंडलिकच्या घरात, त्रिकोणाच्या टोकावर जाऊन बसावंच लागणार. आणि ती गेली की तिची जागा रिकामी, आणि त्या रिकाम्या जागेतून पांढरीला वाट मोकळी. एक, दोन, तीन, चार. उरलेल्या चारही काळ्या एका दमात जात होत्या. पाचवी पुंडलिकच्या घरात कोंडलेली, बाहेर पडली की मेली. खेमसिंगनं वाटेवर उभ्या उभ्या पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं. तो आठवडाभर सुटका शोधत राहिला. रुईची गाठ पाठीवर असतानाही शोधत राहिला.

पुढचा बाजार पुंडलिकनं पाहिला नाही. तापानं तो त्याच आठवड्यात गेला. खेमसिंग सरणाजवळ उभा होता, मोठ्यानं रडला. परत येताना त्याच्या लक्षात आलं, की आपण माणसाचा नाही, गोटीचा विचार करतोय. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

मग वर्षभर बाजार म्हणत राहिला, की पुंडलिकराव हरत्या डावातून उठून गेले. खेमसिंग हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. त्यानं मनाची समजूत घातली होती. पुंडलिकला ती चाल दिसलीच नसेल. जो जन्मात ती गोटी हलवत नाही, त्याला ती दिसणार कशी? आणि दिसली नसेल, तर ती हार कसली? आज वामनरावापुढे त्यानं डाव मांडला तो याच आशेनं. मुंबईच्या त्या यंत्राला, सगळ्या वाटा चालून पाहणाऱ्या यंत्रालाही ती चाल सापडली नाही, तर मग हार म्हणायचं कोणी?

त्या रात्री जेवताना त्यानं हंसाबाईला सगळं सांगितलं. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

"तो चालला नाही ना?" हंसाबाई म्हणाली. "मंग तुमी हरले कसे?"

"चालला नाही. पन पुढच्या बाजारी आला असता तं चालला असता का, तेच मले समजून नाही राह्यलं."

"मेल्या मानसाले इचारता येत नाही."

"म्हनून तं मशीनले इचारून राह्यलो."

हंसाबाईनं त्याच्या ताटात आणखी एक भाकर टाकली. "खा," ती म्हणाली. "मशीन काय सांगीन? ते काय पुंडलिकभाऊले वळखते?"

कापसाचा हंगाम ऐन भरात आला. गाड्यांची रांग दिग्रसच्या वेशीपर्यंत लागली. खेमसिंग गाठी उचलत होता, पण बाजाराच्या दिवशी त्याचे डोळे सावंगीच्या वाटेकडे लागायचे. ओट्यावर दुसरे कोणी खेळायला बोलवायचे. खेमसिंग खेळायचा, जिंकायचा, आणि कोणाच्याही डोक्यावर आपली पिशवी द्यायचा नाही.

होळीच्या आधीच्या बाजारी वामनराव आला. आईनं बाजाराला पाठवलं होतं. हातात भरलेली पिशवी होती. तो ओट्याशी आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता.

"काका, यंत्रानं उत्तर देल्लं. पण मले वाटते, चुकलं ते."

खेमसिंगचा हात चंचीकडे गेला. त्यानं गोट्या एकेक करून मांडल्या. लोक जमले. हॉटेलवाला किटली तशीच ठेवून आला. पाच काळ्या, तीन पांढऱ्या.

वामनराव वाकला आणि त्यानं घरची गोटी उचलून एक घर पुढे ठेवली.

क्षणभर कोणाला समजलं नाही. मग गुलाबसिंग मोठ्यानं हसला. "हे का बिजलीचा मेंदू? आपल्या हातानं गोटी मारून घेते! अबे, आमच्या तांड्यातलं लेकरू बी असं नाही चालत."

सगळा ओटा हसला. वामनराव ओशाळला. "मी बी तेच म्हणलं. बाबांनी ही गोटी कधीच हलवली नव्हती. यंत्र नुसती चाल छापून देते, पुढचं मले बी नाही दिसलं. आमचंच कुठंतरी चुकलं असन. आता परत गेलो की त्याले पक्कं सांगून ठेवतो, घरची गोटी हलवाचीच नाही म्हणून."

लोक उठायला लागले. हॉटेलवाला किटलीकडे वळला. खेमसिंग पटाकडे बघत बसला होता.

त्याला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. यंत्र चुकलं, असं मुंबईचा शिकलेला मुलगा स्वतःच म्हणत होता. तो परत जाईल, यंत्राला शिकवून ठेवेल, आणि ती चाल पुन्हा कधी कोणाला सापडायची नाही. खेमसिंगचं नाव बाजारात राहील तसंच राहील. आणि पुंडलिक हरत्या डावातून उठून गेला, हेही तसंच राहील. पुंडलिकच्या पोराच्याच हातानं ती चाल पुसली जाईल. खेमसिंगच्या डोळ्यांसमोर चावडीवरून जाणारा पुंडलिक उभा राहिला. डोक्यावर पिशवी, हातात घासलेटची बाटली, मागे हसणारी पोरं.

"थांबा, वामनबापू," तो म्हणाला. "मशीन नाही चुकलं."

त्यानं आपली काळी उचलली, घरच्या गोटीवरून नेली, ती पांढरी गोटी मारली आणि काळी टोकावर टेकवली. मग डाव्या हातानं पुंडलिकची पांढरी उचलली. ती हळूहळू, एकेका काळीवरून पलीकडे नेत गेला. प्रत्येक काळी उचलून बाजूला ठेवत होता. चौथीही उचलली. त्रिकोणाच्या टोकावर एक काळी एकटी उरली.

"बाहीर पडली की मेली," खेमसिंग म्हणाला. "हरलो मी. साल होऊन गेलं हरून."

"तुमाले ठाऊक होतं?" वामनरावाचा आवाज बारीक झाला.

"त्याच दिवशी, वाटेवर दिसलं. कोनाले सांगतलं नाही."

"अन् बाबांना? बाबांना दिसली होती का ही चाल?"

"ते तुमच्या मशीनले इचारा."

वामनरावानं मान हलवली. "ते नाही सांगता येत त्याले, काका. बरोबर चाल कोनती, एवढंच ते सांगते."

खेमसिंगनं गोट्या गोळा केल्या. पंचवीस-तीस वर्षं या ओट्यावर बसून त्याचे गुडघे आखडले होते. तो टेका घेत उठला आणि त्यानं वामनरावाच्या पिशवीला हात घातला.

"नका काका. तुमी कायले?"

"तुमची नाही. पुंडलिकची हाय."

"भिया, लोक पाहून राह्यले," गुलाबसिंग दातओठ खात म्हणाला. भाऊ हमाली करतो याची त्याला कधी लाज वाटली नव्हती. पण हरून ओझं वाहणं वेगळं, आणि तेही मेलेल्या माणसाकडून हरून.

"पाहू दे," खेमसिंग म्हणाला. "त्यानं इतके साल पाहू देल्लं."

त्यानं पिशवी डोक्यावर घेतली. पिशवीत काय असणार, डाळ, मीठ, नारळ, होळीचा थोडा रंग. रुईच्या गाठींपुढे ते ओझं काहीच नव्हतं. तो बाजाराच्या मधून गेला, आडवाटेनं गेला नाही. ओळखीच्या दुकानदारांनी विचारलं, "काय खेमसिंग, आज हमाली कोनाची?" तो प्रत्येकाला सांगत गेला, "हरलो. पुंडलिकरावानं हरवलं." काहींना वाटलं, म्हातारपणी याचं डोकं फिरलं. वामनराव मागे रिकाम्या हातानं चालत होता. नाला ओलांडला. सावंगीच्या चावडीवर बसलेली माणसं बोलता बोलता थांबली.

कोकिळाबाई ओसरीत सुपात तूर निवडत होत्या. डोक्यावर पिशवी घेतलेला खेमसिंग अंगणात शिरताना त्यांना दिसला. मुलाच्या रिकाम्या हातांकडे त्यांनी पाहिलं. सूप खाली ठेवून त्या उभ्या राहिल्या, आणि पदर सारखा केला.

"ठेवा भाऊ," त्या म्हणाल्या. "उंबऱ्याजवळ ठेवा."

खेमसिंगनं पिशवी ठेवली. काय झालं, कसं झालं, त्यांनी काहीच विचारलं नाही. आत गेल्या. चूल फुंकल्याचा आवाज आला. मग वरवंट्यानं काहीतरी ठेचल्याचा. चहाचा कप घेऊन त्या बाहेर आल्या. तो कप पुंडलिकचा होता.

खेमसिंगनं एक घोट घेतला. चहात साखर होती.

"दगड झालता तिचा," कोकिळाबाई म्हणाल्या. "डब्यातच राह्यली इतके दिवस. फोडून टाकली."

"कायची?"

"साखर." त्या खांबाला टेकून खाली बसल्या. "त्या दिवशी बाजारातून आले तं तापानं फणफणून राह्यलते. तरी हासूनच राह्यले. म्हने, साखर हाय का घरात? म्हनलं, रातच्याले साखर कायले पाह्यजे? म्हने, आज नाही, पुढच्या बाजारी लागीन. आनून ठेव." त्यांनी आत चुलीकडे पाहिलं. "मले समजलं. तुमी ओझं घेऊन आल्याबिगर आमच्या घरी साखरेचा चाय कोन पेते?"

खेमसिंगनं हातातल्या कपाकडे पाहिलं. त्यानं तो खाली ठेवला.

"दिसली होती मंग त्याले," तो म्हणाला. "मंग वहिनी, तिथंच काहून नाही चालला तो? माह्या तोंडावर काहून नाही चालला?"

"मी बी इचारलं. म्हनलं, जिंकत होते तं चालून याचं होतं. तं म्हने, इतक्या सालानं गवसली हाय. हप्ताभर मले एकट्याले मजा घेऊ दे. मंग त्याले दाखवतो."

वामनराव अंगणात पाठ करून उभा राहिला. खेमसिंग रडला. सरणाजवळ रडला होता तसा मोठ्यानं नाही. पागोट्याच्या शेवानं डोळे पुसत, मान खाली घालून बराच वेळ रडला. हरल्याचं त्याला दुःख नव्हतं. तो एक आठवडा पुंडलिकला पुरा मिळाला नाही, याचं दुःख होतं. आणि आपण वाटेवर घाबरून उभे राहिलो, त्याच वेळी तो इथं या ओसरीत हसत बसला होता, हे कळल्यावर त्याच्या मनावरचं वर्षभराचं काहीतरी उतरलं. कोकिळाबाईंनी त्याला रडू दिलं. त्यांनी सूप ओढून घेतलं आणि तुरीतले खडे वेचत राहिल्या.

चहा निवला होता. खेमसिंगनं तो तळापर्यंत प्यायला. मग चंची सोडून त्यानं गोट्यांमध्ये बोट फिरवलं आणि त्यातली एक पांढरी काढली. बाकीच्यांहून ती निराळी दिसत होती. पुंडलिक दर डावाला तीच घरी बसवायचा आणि ती फारशी कधी हललीच नव्हती, म्हणून तिच्या कडा अजून शाबूत होत्या.

"ही राहू द्या इथं," तो म्हणाला. "घरी एक मानूस पाह्यजे, म्हने तो."

दिवेलागण झाली होती. कोकिळाबाईंनी नुकताच ओसरीतल्या देवळीत दिवा लावला होता. कधीकाळी तुटका कप असायचा त्याच देवळीत. खेमसिंगनं गोटी तिथं नेली, पण ठेवायला जागा दिसेना, म्हणून तो तसाच उभा राहिला.

कोकिळाबाई उठल्या, आणि त्यांनी दिवा थोडा बाजूला सरकवला.